कोऱ्या पट्ट्या

घरात पहिली इंजिनिअर कृतिकाच, आणि पुढे एम.टेक.ला गेलेलीही तीच. घर कोपरीचं, आगरी. तिचा आजा गोपीनाथ उभा जन्म मिठागरात राबलेला. मिठागर बंद पडलं, घराच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली, खाडीकाठचा एक तुकडा तेवढा हाती उरला. मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तो तुकडाच कृतिकाच्या कामी आला.

लोखंड गंजू नये म्हणून द्यायचा एक नवा लेप, हा तिच्या प्रबंधाचा विषय. खाडीकाठच्या त्या तुकड्यावर तिने लोखंडी चौकट रोवून स्टीलच्या पट्ट्या टांगल्या. पुढच्या रांगेत लेप दिलेल्या, मागच्या रांगेत कोऱ्या. खारा वारा दोन्हींना सारखाच लागणार. कोऱ्या गंजल्या आणि लेपाच्या टिकल्या, तरच लेपात दम आहे असं म्हणता येणार.

मार्चअखेर ती पट्ट्या उतरवायला गेली. पुढच्या रांगेवर डाग नाही. तिने फोटो पाठवले. गाइड प्राची मॅडमचं लगेच उत्तर आलं, ‘सुंदर! लिहायला घे.’ जूनमध्ये प्रबंध गेला की डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कंपनीत तिची नोकरी पक्की होती.

मग तिने मागची रांग पाहिली. कोऱ्या पट्ट्याही तशाच स्वच्छ. हात लावला तर बोट घसरलं. करंजाच्या तेलाचा वास आला.

ती तडक घरी आली. “आजा, माझ्या पट्ट्यांना तेल लावलंस?”

“मंग?” म्हातारा चहा फुंकत म्हणाला. “खारीवर लोखंड उगरा ठेवतान का कोन? दर आयतवारी चोपरतंय. तुना टाइम नाय, म्हनून.”

“दोन्ही रांगांना?”

“एकीला लावाचा न् एकीला नाय? असा कसा?”

दुसऱ्या दिवशी कृतिकाने लॅबमध्ये हे सांगितलं.

तिथला सोबती प्रीतम हसत सुटला. “अगं, एवढं काय त्यात? सॉल्ट चेंबरमधल्या मिठाच्या फवाऱ्यात एक कोरी पट्टी टाक, चार दिवसांत गंजेल. काढ फोटो, कोपरीची म्हणून लाव प्रबंधात. कोण बघायला येणारे कोपरीला?”

“मी बघितलंय ना.”

“मग बस सहा महिने! नोकरी थांबणारे का तुझ्यासाठी?”

नोकरी थांबली नाही. तिने मॅडमना सगळं सांगितलं, मुदतवाढीचा अर्ज केला आणि नव्या पट्ट्या टांगल्या. कंपनीने ती जागा दुसऱ्याला दिली.

घरी तिने आज्याला बजावलं, “या वेळी बोटसुद्धा लावायचं नाही. त्या गंजायलाच पाहिजेत.”

“मुद्दाम गंजवाचा?” गोपीनाथने विचारलं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तो शहाडला लेकीकडे निघाला. “लोखंड सरताना मी नाय बगनार,” एवढंच म्हणाला.

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. “कसा हाय तुजा लोखंड?”

“मागची रांग मस्त गंजलीय, आजा. लालभडक.”

“पुडची?”

“पुढची चांगली आहे.”

“मंग पास होशील ना?”

“होईन.”

“मंग गंजू दे,” म्हातारा म्हणाला, आणि फोन आत्याकडे दिला.