खंडेनवमीला सगळे प्रेस बंद होते

यंदाच्या खंडेनवमीला नवऱ्याच्या कंपनीत गेले होते, महाळुंग्याला. तिथे जे पाहिलं ते आज कुठे लिहायचा धीर होतोय...

मी डीएमएलटी केलेली, सध्या हृदयरोगाच्या एका संशोधनात टेक्निशियन आहे. विषयाचं नाव एपिजेनेटिक्स. घाबरू नका, सोपं आहे... जनुकं आई-बापाकडून येतात तशीच राहतात, पण त्यातलं कुठलं चालू राहणार आणि कुठलं गप्प बसणार, हे आपल्या जगण्यावरही ठरतं. वर्षानुवर्षं आवाज, धूर, नाइट शिफ्ट सोसली की जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात. रक्तवाहिन्या कडक होण्यात त्या खुणांचा हात किती, ते आम्ही शोधतोय.

माझे सासरे प्रेस शॉपमध्ये होते, दिवसभर ठराविक ठेक्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी, आणि हार्ट अटॅकने अवेळी गेले. नवरा, संतोष, तोही प्रेसवरच. आणि तेव्हा मला सहावा महिना होता... त्यामुळे या खुणा पोटातल्या बाळापर्यंत जातात का, हा माझ्यासाठी अभ्यासाचा प्रश्न नव्हता. माझी झोप उडाली होती त्यापायी.

आमच्या डॉक्टर मॅडम निगडी प्राधिकरणातल्या, तिथल्या शांत बंगल्यांच्या भागात राहणाऱ्या. रक्ताचे नमुने घ्यायला त्यांनी मुद्दाम खंडेनवमी निवडली, कारण त्या दिवशी प्रेस शॉप शांत असतं आणि माणसं मोकळी सापडतात. पण पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, हे काही बाईंच्या ध्यानात आलं नाही!

मी सिरिंजचा बॉक्स उघडला, तसे ढवळे काका पुढे आले. संतोषच्या लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. "मॅडम, आज हत्यार चालत नसतंय. सुई बी हत्यारच की वो!" असं म्हणून त्यांनी बॉक्स उचलला, हार घातलेल्या मोठ्या प्रेससमोर ठेवला आणि वर हळदकुंकू वाहून मोकळे झाले. मॅडमनी कपाळाला हात लावला, मला मात्र हसू आवरेना.

मग उरली बोटाची क्लिप. चिमट्यासारखी बोटाला लावायची... हृदयाच्या दर ठोक्याला बोटातल्या रक्तवाहिन्या किती भरतात, त्याची लाट लॅपटॉपवर दिसते. म्हटलं, तेवढं तरी करू.

काकांना खुर्चीत बसवलं. लाट छान येत होती... आणि एकदम बारीक झाली. परत मोठी झाली. थोड्या वेळाने पुन्हा बारीक. मोठा आवाज ऐकून माणूस दचकला की रक्तवाहिन्या अशा आकसतात. पण आवाज होताच कुठे? सगळे प्रेस झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते.

दुसरी क्लिप काढून संतोषला शेजारी बसवलं. दोघांच्या लाटा एका स्क्रीनवर घेतल्या... दोन्ही एकाच क्षणी आकसत होत्या. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यांकडे गेलं. त्याच क्षणी दोघांच्या पापण्या मिटत होत्या, एकदम. त्यांना याचा पत्ताही नव्हता, पेढे कुणी आणले यावरून त्यांची थट्टा चालली होती.

संतोषने सहज स्क्रीनकडे पाहिलं आणि बोलता बोलता थांबला. "काका... ह्यो तर आपल्या मोठ्या प्रेसचा टायमिंग हाय." काका वळून त्या बंद प्रेसकडे बघत राहिले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

क्लिपच खराब असणार म्हणून ती माझ्या बोटाला लावली. माझीही लाट आकसत होती! पण त्यांच्यापेक्षा भरभर... हा वेग माझ्या ओळखीचा होता. चिखलीला आमची खोली एका वर्कशॉपच्या वर होती आणि खाली दिवसभर एक छोटा प्रेस धडधडायचा. लग्न झाल्यापासून मी त्याच्यावरच राहत होते.

शेवटी मॅडमनी क्लिप स्वतःच्या बोटाला लावली. त्यांची लाट संथ, एकसारखी. क्लिपला काहीही झालेलं नव्हतं.

"हे नसांना लागलेलं वळण असेल," मॅडम म्हणाल्या. "रक्तातल्या खुणा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. घाईने अर्थ काढू नकोस." मी विचारलं, आणि बाळ? त्या म्हणाल्या, "खरं सांगू? माणसांच्या बाबतीत अजून कुणालाच ठाम माहीत नाही. पण काही खुणा परिस्थिती बदलली की फिकट होतात, एवढं दिसतंय."

संध्याकाळी घरी आलो तर खालचं वर्कशॉपही पूजा करून बंद. इतकी शांतता त्या खोलीत कधी अनुभवलीच नव्हती. तेवढ्यात बाळाने लाथ मारली... थांबलं... पुन्हा मारली. तेवढंच अंतर सोडून पुन्हा, अगदी खालच्या प्रेसच्या ठेक्यात. मी संतोषचा हात पोटावर ठेवला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आपण इथं राहायचं न्हाई," तो एवढंच म्हणाला. दसऱ्याला लोक सोनं लुटत होते आणि आम्ही खोल्या बघत फिरत होतो.

आता मोशीच्या पुढे शेताच्या कडेला राहतो. संतोषला कंपनी लांब पडते, तरी कुरकुर नाही. पहिले काही दिवस इथली शांतताच मला खायला उठायची, हात पोटावरून निघायचा नाही... आणि बाळ आपलं त्याच मापात लाथ मारायचं. मी घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं होतं.

काल दुपारी भाजी निवडत होते. एक लाथ बसली, लगेच दुसरी, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग एकदम धिंगाणा! कशाचा कशाला मेळ नाही. संतोष सेकंड शिफ्टला निघाला होता, त्याला दारातून परत बोलावलं. दोघंही पोटावर हात ठेवून खुळ्यासारखे रडलो.

यात विज्ञान किती आणि माझ्या मनाचे खेळ किती, ते मॅडम सांगतील तेव्हा सांगतील. आमच्या रक्तात काय लिहिलं गेलंय तेही कळेल. पण हे लेकरू आता स्वतःच्या मर्जीने लाथा मारतंय... त्यासाठी देवाचे आभार मानावे तेवढे थोडेच.