ट्रिगरचा रंगीत तक्ता

ज्या वस्तू या देशात नुसत्या जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे, अशा चार वस्तूंचा तुलनात्मक तक्ता करून मी तो रायफल क्लबच्या सेक्रेटरीच्या हातात दिला. रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंगसकट.

नॉटिंगहॅमबाहेरच्या एका छोट्या क्लबात मी दर रविवारी नेमबाजीला जायचो. प्रोबेशनवर. रायफल क्लबची, गोळ्या क्लबच्या, आणि शेजारी डोळ्यांत तेल घालून बसलेलं कुणीतरी. प्रोबेशन संपल्यावर पक्कं सदस्यत्व द्यायचं की नाही हे कमिटी ठरवणार, आणि कमिटी म्हणजे सेक्रेटरीबाई. सत्तरीच्या, निवृत्त मिडवाइफ. अर्ध्या गावाला उलटं धरून रडवल्यामुळे कुणाचीही भीड न उरलेल्या. मला ते सदस्यत्व मनापासून हवं होतं. आठवडाभर ऑनलाइन मीटिंगांत बडबडणाऱ्या माणसाला दोन तास गप्प पालथं पडून राहायची सोय आणखी कुठे मिळणार?

एका रविवारी चहा पिताना बाई म्हणाल्या, "आपल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा ट्रिगर फार जड झालाय. बदली ट्रिगर मिळतात म्हणे. कुणी जरा बघेल का?"

माझा हात वर. ही आयटीतली खोड. अप्रेझल जवळ आलं की मीटिंगमध्ये हात वर करायचा, काम काय ते नंतर बघायचं.

घरी बायको म्हणाली, "तुला कधीपासून बंदुकीतलं कळायला लागलं? सारसबागेपाशी पैज लावून फुगे फोडायला गेलास, आणि फुटला तो शेजारच्या पोराच्या हातातला."

मी दुर्लक्ष केलं. पुढचे तीन आठवडे मी दाढीवाल्या अमेरिकनांचे व्हिडिओ बघितले. बाईंना हवा होता हलका ट्रिगर. मी पोचलो रॅपिड-रिसेट ट्रिगरवर, म्हणजे गोळी सुटताच स्वतःच झटक्यात पुढे येणारा, पुढची गोळी लगेच झाडता यावी म्हणून. ऑफिसात व्हेंडर निवडताना करतो तसा तक्ता केला. वेगाला सगळ्यात जास्त गुण. शेवटचा रकाना होता 'यूकेत चालतं का?' त्यात चारही ठिकाणी मी 'टीबीसी' लिहिलं, म्हणजे 'टू बी कन्फर्म्ड', खात्री नंतर करू. आमच्याकडे जे बघायचा कंटाळा येतो त्याला टीबीसी म्हणतात.

प्रोबेशनच्या शेवटच्या रविवारी बाईंनी चष्मा लावून तो तक्ता पहिल्या पानापासून वाचला. बिस्किट चहात बुडून तळाला गेलं, तरी त्यांचं लक्ष नाही.

"हे तू विकत घेतलंयस का?"

"नाही. आधी तुमचं अप्रूव्हल हवं होतं."

"ऑर्डर? चौकशीची ईमेल?"

"काहीच नाही."

"देवाची कृपा. अरे, हे इथे कायद्याने बंद आहे. घेतलं असतंस तर आज माझ्याऐवजी पोलिसांनी हे वाचलं असतं."

माझ्या डोळ्यांपुढून सदस्यत्व, व्हिसा आणि बायकोचा चेहरा याच क्रमाने सरकले. मी म्हणालो, "त्या रकान्यात टीबीसी लिहिलं होतं मी."

"ते दिसलं. झालं आता कन्फर्म." बाईंनी चारही टीबीसींवर पेनाने काट मारली आणि उठल्या. "चल. त्या जड ट्रिगरवरच पाच गोळ्या झाड. मग ठरवते."

मी पालथा पडलो. श्वास धरला, सोडला, परत धरला. घाई अजिबात केली नाही. पाच गोळ्यांना मी इतका वेळ घेतला की शेजारच्या आजोबांनी मधे उठून चहा भरून आणला. मग बाईंनी निशाणाचा कागद आणायला लावला. एक गोळी काळ्या वर्तुळाच्या काठाला, दोन कागदाच्या कोपऱ्यात. चौथी आजोबांच्या कागदावर सापडली. पाचवी अजून सापडायची आहे.

बाईंनी माझा तक्ता आणि तो कागद शेजारीशेजारी धरले.

"प्रोबेशन आणखी तीन महिने," त्या म्हणाल्या. "सावकाश झाडूनही इतकं छान चुकतोस. तुला वेग कशाला हवाय?"