इंजिनाचा वाटा

माझ्या सासऱ्यांना कर्ज फेडता आलं नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना फेडायचं नव्हतं. हा फरक मी त्यांच्या घरात राबून, त्यांच्या ताटात वाढून शिकले आहे. म्हणून हात वर करणाऱ्या माणसाबद्दल कुणी माझ्यापुढे 'बिचाऱ्याची परिस्थिती' वगैरे बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं.

माझं सासर रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यात आणि माहेर खाडीच्या पलीकडे. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि शिडाच्या होडीला इंजिन बसवायला बँक कर्ज देते अशी बातमी किनाऱ्यावर पोचली होती. वाड्यातल्या सोसायटीचे चेअरमन माझे सासरेच. पहिलं इंजिन कुणाच्या होडीला बसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. फक्त एक जामीन हवा होता, तोही स्वतःची होडी असलेला. सासऱ्यांनी धुतलेली टोपी घातली आणि तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडून ते माझ्या माहेरी गेले.

बाबा सहसा कुणाला जामीन राहत नसत. सख्ख्या भावालाही त्यांनी नाही म्हटलं होतं. पण आमच्यात मुलीचा बाप व्याह्याला नाही म्हणत नाही. मागेल ते द्यायचं आणि वर दोन नारळ हातावर ठेवायचे. सासऱ्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "व्याही, तुमची पोर आमच्याकडं सुखात हाय. तशीच ऱ्हावी, आनकी काय पायजे?" आई दाराआडून ऐकत होती, तिनेच मला हे सांगितलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी अलिबागला जाऊन सही केली. जामीन राहणं म्हणजे माणूस चांगला आहे असा शब्द देणं, अशी त्यांची समजूत होती.

इंजिन आलं, त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. त्या हंगामात मासाही असा लागला की टोपल्या पुरेनात. पापलेट बर्फात घालून मुंबईला जायचं. घरावर मंगलोरी कौलं चढली, सासूच्या हातात पाटल्या आल्या. बँकेत मात्र एकही हप्ता गेला नाही.

जाळी विणताना सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. "बँकेचा पैसा कुनाचा? सरकारचा. सरकार कुनाचं? आपलं. मंग आपलाच पैसा आपून परत कुनाला द्यायचा?" लोक हसत. सुरुवातीला नुसते हसत होते, मग एकेकाला ते पटायलाही लागलं. जाळ्यासाठी ज्यांनी ज्यांनी सोसायटीतून बँकेचे पैसे घेतले होते त्यातल्या बहुतेकांनी हप्ते बंद केले. चेअरमनच देत नाही तर आम्ही काय खुळे? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाला नको असतं!

मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, पर माझ्या बाबांचं काय?" माझा नवरा शेजारीच जेवत होता. बापापुढे तो तोंड फक्त घास घालायला उघडत असे. सासरे म्हणाले, "तुज्या बापाला कोन धरतंय? जामीन म्हंजे कागदाची शोभा, बाय." आणि त्यांनी आमटी मागितली.

बँकेचा माणूस बेलीफ घेऊन येणार हे त्यांना दोन दिवस आधी कळलं होतं. घर त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं, होडी त्यांनी आधीच सासूच्या नावावर केली होती. उरलं इंजिन. मी तेव्हा दुसऱ्या खेपेची बाळंतीण होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी. पाचवीसुद्धा पुजली नव्हती. संध्याकाळी चार गडी वाशाला दोर बांधून ते लोखंडाचं धूड माझ्या खोलीत घेऊन आले आणि माझ्या बाजेमागे ठेवलं. सासूने त्यावर वाकळ टाकली, वर बाळाची दुपटी वाळत घातली. मी बाजेवर पाय जवळ घेऊन पडले होते. ओव्याच्या धुरीत डिझेलचा वास मिसळला होता.

बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष येत नाही. बेलीफ म्हातारा होता, गळ्यात माळ. तो उंबऱ्यापाशी थांबला. सासू म्हणाली, "सुवेर हाय. यायचं तर या, बाटायचं तर बाटा." त्याने मान खाली घातली आणि परत फिरला. पडवीत त्याला चहा दिला गेला. बँकेचा साहेब तरुण होता, अलिबागचा. तो सासऱ्यांना म्हणाला, "मग आम्हाला जामीनदाराकडे जावं लागेल." सासरे म्हणाले, "जा की. खाडीची तर आत्ता सुटेल, बिगी बिगी जा." मला खोलीत शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझ्या बापाच्या घराची वाट त्यांनी अशी दाखवली, आणि मी इंजिनाला पाठ लावून त्याच इंजिनाच्या धन्याच्या नातवाला पाजत होते. ओरडले असते तर मला ओल्या अंगाने पोरासकट घराबाहेर काढलं असतं, हे सासूने धूड आत येतानाच बजावलं होतं.

बाबांनी काहीच लपवलं नाही. होडी कुणाच्या नावावर केली नाही, खाडीत आत कुठे नेऊन दडवलीही नाही. उलट लिलावाच्या आदल्या दिवशी तिला घासून तेल लावलं. आई चिडली तर म्हणाले, "लोकांच्या दारी जानार ती. अशी वंगाळ कशी धाडू?" मला सासरी पाठवतानाही असंच न्हाऊ घातलं होतं.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते. संकटातल्या माणसाची होडी कोळी कधी विकत घेत नाही. ती घरात आली की तिच्याबरोबर त्याचे तळतळाटही येतात, असं मानतात. म्हणून लिलावाला सगळं गाव जमलं, पण एकानेही बोली लावली नाही. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं, आपण बाबांची बाजू घेतोय. या चांगुलपणानेच त्यांचा गळा आवळला. बोली लावणारा एकटाच उरला, बाहेरचा लाकूडवाला. त्याने होडी जळणाच्या भावात घेतली आणि तिथेच वाळूत कुऱ्हाड चालवायला लावली. आलेल्या पैशांत कर्ज अर्धंही फिटलं नाही. बाकी भरायला आईच्या अंगावरचं सोनं गेलं, मग घरामागची नारळाची झाडं. मन मोठं असलेलं ते गाव फळ्या फुटताना शेवटपर्यंत बघत उभं राहिलं.

बँकेने आमच्या वाड्याला पुन्हा दमडी दिली नाही. पुढच्या वादळात जाळी फाटली तेव्हा नवीन जाळ्यांसाठी लोक अलिबागला गेले. साहेबाने त्यांना बसायलासुद्धा सांगितलं नाही. ज्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, असे दोन-तीन होते, तेही त्यातच भरडले गेले. तरणी पोरं मुंबईच्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या बोटींवर गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या सासऱ्यांना कधी साधा ठसका लागला नाही. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा चेअरमन झाले.

आणि मग त्यांनी माझ्या बाबांवर उपकार केले. "व्याह्यांना आम्ही वाऱ्यावर सोडनार न्हाय," असं चार माणसांत म्हणून त्यांना इंजिन परत चढवलेल्या आपल्या होडीवर खलाशी म्हणून घेतलं. बाबांना दुसरं कोण घेणार होतं? पन्नाशी उलटलेली, डोळा मंदावलेला. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या होडीचं सुकाणू धरलं तो आता पुढे बसून दोर ओढायचा, आणि तरणे गडी त्याला "आटप म्हाताऱ्या" म्हणायचे. माझा नवराही म्हणायचा.

होडी आली की किनाऱ्यावर वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, इंजिन आल्यापासून इंजिनाचे दोन, आणि मग माणसागणिक एकेक. होडी, जाळं, इंजिन, सगळे वाटे मालकाचे. ढीग घालायचं काम घरच्या सुनेचं. मी रोज इंजिनाचे दोन मोठे ढीग सासऱ्यांपुढे घालायची आणि त्या इंजिनाची किंमत ज्याने चुकती केली त्याच्यापुढे एक लहानसा. बाबा तो पंच्यात गुंडाळत, माझ्याकडे न बघता तरीवर जात.

एक दिवस माझ्याने राहवलं नाही. मी इंजिनाचे दोन्ही ढीग उचलले आणि बाबांपुढे ठेवले. चांगली पापलेटं होती वर. मोठ्याने म्हणाले, "इंजिनाचा वाटा इंजिनाच्या धन्याला."

सासरे हसले. खरंच हसले, पोट धरून. "घ्या व्याही, घ्या. पोरीनं दिलाय, नाय म्हनू नका." माझा नवरा हातातला दोर टाकून पुढे आला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या पोराकडे. ते खाली बसले. दोन्ही हातांनी मासे गोळा केले आणि एकेक करत सासऱ्यांपुढे नेऊन ठेवले. वाळू लागलेली पापलेटं त्यांनी आपल्या सदऱ्याला पुसली. मग सासऱ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "माफी करा व्याही. पोर हिशोबात कच्ची हाय."

तेव्हा मला कळलं की बँकेकडे तारण होडीचं नव्हतंच. तारण मी होते, त्या घरातलं माझं नांदणं होतं. ते सोडवायला बाबा अजूनही हप्ते भरत होते.

त्या रात्री सासूने माझ्या ताटात पापलेटाचा मधला तुकडा वाढला. असा तुकडा मला त्या घरात कधी मिळाला नव्हता. "खा," ती म्हणाली, "बापानं परत दिलाय तुज्या."

पोर अजून अंगावर पीत होतं. मी खाल्ला.