कोपऱ्यातला नळ

चिसातो हिराई कादंबरी लिहिते हे जपानमधल्या हिमीच्या बंदरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. लोकांच्या लेखी ती सार्वजनिक न्हाणीघरवाल्या हिराईंची मुलगी. शाळा सुटली की धापा टाकत यायची, गणवेशावरच वडिलांचा जुना स्वेटर चढवायची आणि 'चिदोरी-यु' या घरच्या न्हाणीघराच्या गल्ल्यावर जाऊन बसायची. गल्ला म्हणजे दारातच असलेली उंच लाकडी बैठक. पुरुषांच्या बाजूला फळी ठोकलेली, बायकांच्या बाजूला मोकळं. तिथून बायकांची कपडे बदलायची खोली दिसायची आणि काचेच्या दारातून आतली नळांची रांगही दिसायची. पैसे घ्यायचे, विसराळू बायकांना साबण द्यायचा, अंघोळ करून लालबुंद होऊन आलेल्यांना थंड दुधाची बाटली द्यायची, एवढंच काम. मधल्या वेळात ती फोनवर अंगठ्यानं काहीतरी बडवत असायची. बायकांना वाटायचं, पोरीचं कुठंतरी जुळलंय.

जुळलं होतं ते कादंबरीशी. दोन वर्षं ती लिहीत होती. सोळाव्या वर्षी दोन प्रकाशकांना पाठवली, त्यांनी साधी पोचही दिली नाही. मग टोकियोच्या एका प्रकाशनसंस्थेनं वीस वर्षांच्या आतल्या लेखकांसाठी स्पर्धा काढली. पहिल्या आलेल्या कादंबरीचं पुस्तक निघणार होतं. चिसातोनं सगळी कादंबरी पुन्हा लिहिली. या खेपेला तिनं त्यात एक नवं प्रकरण घातलं. ते घालायला नको होतं, हे तिला लिहितानाच माहीत होतं.

ते प्रकरण होतं ओनुमाकाकूंचं. ओनुमाकाकूंचं बाजारपेठेत कपडे उसवून-शिवून द्यायचं छोटं दुकान. नवरा गेलेला, भाड्याच्या जागेत न्हाणी नाही, त्यामुळं रोज चारला दार उघडलं की अंघोळीला हजर. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा छातीशी छोटा पंचा धरून दारातच घुटमळल्या. आत रोज येणाऱ्या म्हाताऱ्या तोकुआजी कोपऱ्यातल्या नळाशी बसल्या होत्या. त्या नळाच्या अलीकडे खांब आहे, तिथं बसलेलं माणूस फारसं दिसत नाही. तोकुआजी आपलं अंघोळीचं टोपलं उचलून निमूट दुसऱ्या नळावर गेल्या. काही बोलल्या नाहीत, बघितलंही नाही. त्या दिवसापासून कितीही गर्दी असो, ओनुमाकाकूंची अंघोळ होईपर्यंत त्या नळावर कुणी बसायचं नाही. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. चिसातो तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं आईला विचारलं, तर आई एवढंच म्हणाली, "ते आपण बघितलेलं नाही. कळलं?"

चिसातोला कळलं होतं. पण सतराव्या वर्षी माणसाला वाटतं, आपण जे बघितलं ते आपलंच झालं. काही जणांना ते जन्मभर वाटत राहतं, आणि त्यांचीच पुस्तकं निघतात. तिनं ओनुमाचं नुमाता केलं, हिमीचं नाव बदललं, आणि आपण फार काळजी घेतली असं स्वतःला सांगितलं.

शेवटच्या फेरीत पाच कादंबऱ्या निवडल्या गेल्या. त्या संस्थेच्या मासिकात प्रत्येकीतली दोन दोन पानं छापून आली. चिसातोची कुठली पानं निवडली, हे तिनं अंक हातात येताच पाहिलं, तर नेमकी नळाचीच. पण अंक टोकियोचा, हिमीत तो वाचतो कोण, असं म्हणून तिनं तो कपाटात टाकला.

वाचणारं कुणी नव्हतं, पण वडील होते. हिराईंनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती. पाडलेल्या घरांची लाकडं आणायची, फोडायची आणि पाणी तापवायच्या भट्टीत सारायची, यात त्यांचा दिवस जायचा. लेकीचं नाव छापून आलंय म्हटल्यावर मात्र गडी सायकल मारत गेला, अंक घेऊन आला, ती दोन पानं नीट कापली, प्लास्टिकमध्ये घातली आणि बायकांच्या खोलीत आरशाशेजारी चिकटवली. तिथं न्हाव्याची जाहिरात असते, जत्रेचं पत्रक असतं, हरवलेल्या मांजराचा फोटो असतो. गावाला काही सांगायचं तर ते न्हाणीघराच्या भिंतीवरच. पानं वाचून बघावीत असं त्यांच्या मनातही आलं नाही. छापलंय म्हणजे चांगलंच असणार. चिसातोची आई सहकारी संघात मासळी भरायच्या कामावर गेली होती, त्यामुळं हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

त्या दिवशी बर्फामुळं चिसातोची बस रखडली. ती आली तेव्हा दार उघडलेलं होतं. बूट काढता काढता तिला आतून वाचल्याचा आवाज आला.

तोकुआजींचा चष्मा घरी राहिला होता. "हिराईंच्या पोरीचं छापून आलंय म्हणे. वाच ग जरा, तुझा आवाज चांगलाय," असं म्हणून त्यांनी नेमकं ओनुमाकाकूंना भिंतीपाशी उभं केलं होतं. काकू कोट घालूनच होत्या, टोपलं काखेत, आणि शाळेतल्या बाईंसारख्या ठणठणीत वाचत होत्या.

"'नुमाताबाई रोज पहिल्या यायच्या. आत गेल्या की उजवीकडे वळायच्या. खांबामागचा नळ रिकामा असायचा. तो कधीच कुणी घेत नसे. बायका आपसांत बोलल्या नव्हत्या, तरी सगळ्यांना माहीत होतं की तो नळ...'"

आवाज हळू झाला. पुढची ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली. त्या पान संपेपर्यंत वाचत राहिल्या आणि खोलीतल्या बायका हातातलं काम टाकून जमिनीकडे बघत राहिल्या. तोकुआजींना लवकर उमगलं नाही. "का ग, थांबलीस का?" त्या म्हणाल्या. कुणीतरी त्यांचा हात दाबला.

"मला आज जरा घाई आहे," ओनुमाकाकू म्हणाल्या. गल्ल्यापाशी येऊन त्यांनी दुधाची एक बाटली घेतली, पैसे ठेवले, चिसातोला रोजच्यासारखा मान लववून नमस्कार केला आणि कोरड्या टोपल्यासकट निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. कोपरा मात्र बायका सोडतच राहिल्या.

घरी जे व्हायचं ते झालं. वडिलांनी पानं ओरबाडून काढली, तरी डिंकाचे चार डाग भिंतीवर राहिले. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भांडी घासत म्हणाली, "तुला सांगितलं होतं, ते आपण बघितलेलं नाही." तोकुआजी तर जाता जाता बोलूनच गेल्या, "एवढं मोठं बंदर पडलंय, बोटी आहेत, मासे आहेत, चोर आहेत. तुला लिहायला तो नळच सापडला होय ग?"

आणि त्याच आठवड्यात टोकियोहून फोन आला. इसोगाइ नावाच्या संपादिका होत्या. चिसातोची कादंबरी पहिली आली होती. "त्या नळाच्या प्रकरणावर परीक्षकांचं एकमत झालं," त्या म्हणाल्या. "वसंतात पुस्तक काढू. करार पाठवते. तुम्ही अठराच्या आतल्या, तेव्हा वडिलांच्या सहीचा शिक्का लागेल."

चिसातोला आनंद झाला. हे सांगायलाच हवं, कारण तिला स्वतःला त्याची फार लाज वाटली. भट्टीमागच्या लाकडांच्या ढिगाआड जाऊन तिनं तोंडावर हात दाबून उड्या मारल्या. मग तिला ओनुमाकाकूंचं कोरडं टोपलं आठवलं.

रविवारी ती मिठाईची पेटी घेऊन काकूंच्या दुकानात गेली. माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. काकू कुणाच्यातरी पँटची शिवण उसवत होत्या.

"बस. ते स्टूल ओढ."

"काकू, माझं चुकलं."

"खोटं लिहिलंस का काही?"

"नाही."

"म्हणजे खरंच सोडायच्या त्या नळ. माझ्यासाठी."

"हो."

"सगळ्या?"

"तोकुआजींनी सुरू केलं. मग सगळ्याच."

काकूंनी कात्री खाली ठेवली. "आणि मी खुळी, रोज घरी जाऊन देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोला सांगायची. म्हणायची, अहो, आजही कोपरा रिकामा मिळाला, नशीब बघा माझं. इतकी वर्षं! तोही हसत असेल." त्या थोडं हसल्या. "मला वाटायचं, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. डॉक्टर विचारतात, नणंद विचारते, दुकानात येणाऱ्या बायका आवाज बारीक करून विचारतात. तुमच्याकडं कुणी विचारायचं नाही. तेवढीच एक जागा होती ग, जिथं मी आजारी बाई नव्हते."

"मी ते प्रकरण काढून टाकते, काकू."

"काढ की. माझ्या डोक्यातनं कसं काढणार ते सांग."

काकूंनी पुन्हा शिवण हातात घेतली. आता त्या बसनं नदीपलीकडच्या न्हाणीघरात जात होत्या. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. "पाणी कोमट आहे मेलं," त्या म्हणाल्या. "आणि पेटी ठेवून जा. परत नेलीस तर आई विचारेल."

छाप म्हणाल्या नाहीत, छापू नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी चिडावं तरी किंवा माफ तरी करावं, असं चिसातोला वाटत होतं. दोन्ही न करता त्यांनी सगळं तिच्याच गळ्यात घातलं होतं.

करार आला. वडिलांनी शिक्का आणि शाईची डबी जेवणाच्या मेजावर मांडली.

"मी वाचली तुझी कादंबरी," ते म्हणाले. "भट्टीपाशी बसून, पहिल्यापासून."

"मग?"

"चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच बोचतंय." त्यांनी शिक्का तिच्यासमोर सरकवला. "भिंतीवर चिकटवणारा मी. तेव्हा मी तुला काय शिकवणार? तू म्हणशील तर शिक्का मारतो."

चिसातोनं इसोगाइबाईंना फोन लावला आणि नळाचं प्रकरण काढून पुस्तक निघेल का, असं विचारलं. बाई बऱ्याच समजूतदार होत्या. नाव बदलू म्हणाल्या, गाव बदलू म्हणाल्या. चिसातो म्हणाली, ते आधीच बदललंय.

"मग ज्यांना कळायचं त्यांना कळलंच ना?" बाई म्हणाल्या. "आता काढून कुणाचं भलं होणार? आणि तो नळ काढला तर त्या पुस्तकात उरतं काय?"

बोलणं खोटं नव्हतं. दोन वर्षांची मेहनत होती, आणि दुसरं कुणी आपल्याला असं बोलावणार नाही हेही तिला दिसत होतं. "मग नको," ती म्हणाली. फोन ठेवायच्या आधीच तिला पश्चात्ताप झाला होता. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही अठरा व्हाल. मग शिक्का कुणाचाच लागणार नाही. विचार बदलला तर कळवा." हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. वडिलांनी शिक्का खणात टाकला. त्या संध्याकाळी चिसातो भट्टीपाशी बसून पोटभर रडली. काकूंसाठी रडले असं ती आईला म्हणाली, पण रडली ती पुस्तकासाठी.

मग वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला. त्या दिवशी पाण्यात पिवळे युझू सोडतात, त्या लिंबांच्या वासानं न्हाणीघर भरून जातं आणि सगळं बंदर अंघोळीला लोटतं. बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. दोन तरुण मुली टोपली घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांतली एक कोपऱ्याकडे वळली, तेव्हा तोकुआजींनी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात गल्ल्यावर नाणी वाजली. ओनुमाकाकू होत्या.

"पलीकडं युझू सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. जणू चिसातोनं कारण विचारलं होतं.

त्या आत गेल्या. काकू छातीशी पंचा धरून खांबापर्यंत गेल्या, कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि मागं वळल्या. रांगेच्या मधोमध तोकुआजी बसल्या होत्या. काकू त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, सरका जरा."

"सरकते की. अंग काय कमी पसरलंय का माझं," तोकुआजी कुरकुरल्या आणि सरकल्या.

काकू बसल्या. छातीवरचा पंचा काढला, त्याला साबण लावला आणि सगळ्यांच्या देखत अंग घासायला लागल्या. तोकुआजी त्यांच्या हातातला पंचा ओढून घेत म्हणाल्या, "पाठ कर इकडं." ताटकळलेली मुलगी हळूच कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन बसली. आता तिला कुणी अडवलं नाही.

चिसातोनं मान फिरवली. आपण हे बघितलेलं नाही, ती स्वतःला म्हणाली, आणि आरशाशेजारच्या डिंकाच्या डागांकडे बघत बसली. फोन स्वेटरच्या खिशात होता. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पहिलं वाक्य तरीही डोक्यात आलंच.