डोंगरावरच्या गावातल्या शेंगा

बाबा गेल्यावर मी आईला ऑकलंडला घेऊन आले. हिल्सबरोचं आमचं घर तिला आवडलं, पण मोठी बॅग काही तिने रिकामी केली नाही. लागतील तेवढे कपडे वरवरचे काढायची, बाकी बॅग खोलीच्या दाराशी तशीच. "इथे दिवसभर माणूस दिसत नाही गं. मी आपली पुण्याला जाते," हे तिचं पालुपद. तिला तिथे एकटीला सोडायची मला भीती वाटायची.

फार्मसीतल्या माझ्या इटालियन मैत्रिणीने आपलं आजोळ बघून याच, असा हट्ट धरला, म्हणून सुट्टीत आम्ही मायलेकी इटलीला गेलो. टेकडीच्या माथ्यावरचं मध्ययुगातलं गाव, झाडीत दडलेलं. गाडी वेशीबाहेर ठेवून आत शिरलो आणि मी बघतच राहिले. बोळ इतके अरुंद की खिडकीतून समोरच्या घरात मीठ मागता यावं. दगडी पायऱ्या शतकानुशतकं पाय पडून खोलगट झालेल्या. दारोदारी तेलाच्या जुन्या डब्यांत तुळशीची इटालियन बहीण, बेझिल. इतकं देखणं गाव, पण त्याचा तोरा कुणालाच नव्हता.

फोटो काढून वळते तर आई गायब. पुढच्या वळणावर सापडली. एका म्हातारीशेजारी पायरीवर बसून, चपला बाजूला काढून, तिच्या परातीतल्या शेंगा मोडत होती.

"आई, असं कुणाच्याही दारात काय बसतेस? विचारावं लागतं."

"विचारलं की खुणेनं. तिनेच सरकून जागा दिली."

गंमत म्हणजे आई वालपापडीसारख्या शिरा काढून सालासकट तुकडे टाकत होती आणि म्हातारीला हवे होते नुसते दाणे. तिने कपाळाला हात लावला आणि तुकडे वेचून बाहेर काढायला लागली. आई चिडली. "चांगली सालं फेकते बघ." एक इटालियनमध्ये, एक मराठीत, दोघींची चांगलीच जुंपली. बाबा गेल्यापासून आईला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच समोरच्या चर्चचा फोटो काढला.

परतल्यावर आईने मला सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून वालपापडी आणायला लावली आणि मागचं डेक सोडून पुढच्या दारात खुर्ची मांडली.

"लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"म्हणायला आधी दिसू तर देत."

समोरच्या घरात एकटे राहणारे आजोबा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत येत होते. एरवी नुसता हात करायचे, आज थांबून माओरीत रामराम केला. "किया ओरा. हीप्स ऑफ बीन्स!" आईने मूठभर शेंगा त्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी उभ्याउभ्या सोलून दाणे तिला दिले आणि सालं गवतात टाकली.

"यांनाही शिकवावं लागणार," आई मला म्हणाली. "आतून आणखी एक खुर्ची आण. आणि ती बॅग आज रिकामी करून गॅरेजमध्ये टाकू. येता-जाता पायात येते."