दोन वाजून दहा मिनिटांनी तापणारी गाडी

वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटी सेक्शनला आहे. इतकी वर्षं झाली, काम एकच — मोजायचं. त्यामुळे भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी मधेच विचारायचो, "किती वाजता? किती वेळ? कुणी मोजलं का?" समोरचा चिडायचा आणि मला मजा यायची. आज मी स्वतःच असलं काही लिहायला बसलोय. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... तुमच्या जागी मीही हसलोच असतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की मी हे मोजलेलं आहे.

गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची, आमच्या सिडकोतल्या घरातली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. खाली माझा मोठा भाऊ — दादा — आणि सुमनवहिनी राहायचे, वर आम्ही. दादा एका बियाणं कंपनीत फिरतीवर होता. आज पैठण, उद्या वैजापूर, परवा अजिंठ्याकडची खेडी, आणि सगळं शंभर सीसीच्या एका जुन्या मोटरसायकलवर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी बाराला गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे खालून इंजिनाची शेगडी आणि वरून सूर्य. पण दादाचं त्याचं एक शास्त्र होतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मानेभोवती ओलं उपरणं, सीटवर पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट आणि खिशात एक कांदा. कांद्यानं ऊन बाधत नाही असं आमची आजी म्हणायची. मी त्याला त्यावरून खूप चिडवायचो.

आणि सगळ्यात मोठा नियम — वीस किलोमीटर झाले की थांबायचं. कडुलिंबाखाली गाडी लावायची, इंजिनाला उलटा हात लावून बघायचा आणि ते गार होईपर्यंत बसायचं. "माणसाला घाम येतो, इंजिनाला येतो का? त्याला सावली द्यावी लागती," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणारा कुणी दिसला, तर अनोळखी असला तरी दादा गाडी वळवून त्याला झापायला जायचा. सगळी कॉलनी त्याला थांबेगुरुजी म्हणायची.

असा माणूस उष्माघातानं गेला. न थांबता गाडी चालवत आल्यामुळे गेला.

कसा, ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझ्या मुलीची पॉलिटेक्निकची अ‍ॅडमिशन होती. डोमिसाइलचा दाखला वैजापूर तहसीलमधून आणायचा होता, आमचं गाव त्या तालुक्यातलं. पंधरा दिवस मी आज-उद्या करत राहिलो. शेवटच्या दिवशी दादाला म्हणालो, "तुला काय, तुझा रोजचाच रस्ता." तो पहाटे निघाला. दाखला हातात पडायला एक वाजला. जून लागला होता आणि आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्याला फोन केला, कारखान्याच्या एसी केबिनमधून. त्यानं गाडी बाजूला घेऊन उचलला. मागं इंजिनाचा आवाज चालूच होता.

"लासूर स्टेशन गेलंय मागं," दादा म्हणाला. "पण गाडी लई तापलीय रे. मलाबी कसंतरीच होतंय. समोर लिंब हाय एक. गाडी बंद करतो, अर्धा तास टेकतो."

"दादा, बंद करू नकोस," मी म्हणालो. "चारला अ‍ॅडमिशनची खिडकी बंद होते. तसाच ये."

 दादा म्हणाला, "बरं."

एवढंच. दोन-चाळीसला निघाला असता तरी चाललं असतं, अशी हजार गणितं मी नंतर केली. शहराच्या वेशीवरच्या मिटमिट्याच्या अलीकडं एका चहावाल्यानं बघितलं, गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला आली आणि दादा तिच्याशेजारी उन्हातच बसला. मग आडवा झाला. त्या चहावाल्यानंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, पण उपयोग झाला नाही. दाखला शर्टाच्या आतल्या खिशात होता, घामानं भिजलेला. कांदाही होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, अ‍ॅडमिशनची मुदत आठ दिवसांनी वाढवली.

दादाचा फोन मला दिला होता. त्यातला दोन-दहाचा कॉल मी पुसून टाकला. हो, मीच. का, तर त्या वेळी हाताला तेवढंच सुचलं.

लोक भेटायला यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण." मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. दादाची सगळ्यांसमोर अशी बेअब्रू होत होती आणि मला एक शब्द काढता येत नव्हता. वहिनी प्रत्येकाला एकच विचारायच्या, "सगळ्या दुनियेला थांबा म्हणायचे. मग त्या दिवशीच का नसतील थांबले?"

उत्तरही त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. पहाटे निघताना त्या दादाला म्हणाल्या होत्या, "लवकर या, जेवायची थांबते मी." म्हणजे बायको उपाशी बसलीय म्हणून हा माणूस कुठं टेकला नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि दुपारचं जेवण सोडलं. कुणाला सांगितलं नाही, नुसतं सोडलं. दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. माझी बायको रोज ताट घेऊन खाली जायची आणि तसंच वर आणायची.

गाडी पोलिसांकडून घरी आली होती. वहिनींनी विकू दिली नाही. पोर्चमध्ये आतल्या भिंतीला लावलेली असायची. पोर्च उत्तरेला आहे, तिथं कुठल्याच ऋतूत दुपारचं ऊन येत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

ऑगस्टमधला रविवार होता. मी चपला शोधायला वाकलो आणि पोटरी सायलेन्सरला लागली. असा चटका बसला की ओरडलोच. वहिनी आतून आल्या.

"काय झालं, भाऊजी?"

"गाडी... तापलीय."

"उन्हानं तापली असंल," म्हणत त्यांनी टूथपेस्ट आणून दिली. आभाळ भरलेलं होतं आणि गाडीची किल्ली त्यांच्या कपाटात होती. मी पोटरीला पेस्ट लावत घड्याळाकडं बघितलं. सव्वादोन.

मी स्वतःला समजावलं. पण पुढच्या रविवारी दोनच्या आधीच पोर्चमध्ये जाऊन बसलो. इंजिनावर हात ठेवला — गार. दोन-पाच, गार. दोन-दहाला हात झटकन काढून घ्यावा लागला. हळूहळू तापणं वगैरे काही नाही... एकदम, लांबून चालत आलेल्या गाडीसारखं. मग मी कारखान्यातला टेंपरेचर गेज घरी आणला आणि चार दिवस रजा टाकली. चारही दिवस तेच. दोन-दहाला तापायचं, दोन-पन्नासच्या सुमारास गार. तेही एकदम. शेवटच्या दिवशी तर टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं होतं, बॅटरीची वायर सोडली होती. काही फरक नाही.

लासूर स्टेशनच्या पुढून मिटमिट्यापर्यंत यायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. हे गणित मी करत नव्हतो, तरी ते होत होतं. रात्री झोप लागेना. मला भीती वाटत होती, हे मी सरळ सांगतो. भुताची नाही. कुणाला तरी ते कळलंय, याची.

शेवटी सलीमभाईंना बोलावलं. रोशन गेटजवळ त्यांचं छोटं गॅरेज होतं, दादाची गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातची. दोन वाजता आले, गाडी बघून डोळे पुसले, प्लग काढून हातात धरला. आता तर इंजिन चालूच होऊ शकत नव्हतं. दोन-दहाला मी म्हणालो, "आता हात लावा."

त्यांनी दादासारखाच उलटा हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"किसने चलाई?"

"कोणी नाही, सलीमभाई. प्लग तुमच्याच हातात आहे."

ते खाली बसले. इंजिनाजवळ कान नेला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"भाईसाब, गरम तो हय. पर टिकटिक नई करती."

"म्हणजे?"

"अरे, गाडी बंद करे के बाद इंजिन ठंडा होता तो टिक-टिक बोलता ना? लोहा सिकुडता. आपने कब्बी सुना नई क्या? ये बोलतीच नई." त्यांनी हातातला प्लग माझ्या हातात ठेवला. "ये खडी गाडी नई हय. ये चल रई हय."

मी प्लग मुठीत धरला. "मग काय करायचं?"

"मेरेकू क्या मालूम? चलती गाडी कू कोई रुको बोलता, तो रुकती." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्हारे दादा ऐसे चलानेवाले नई थे. किसने बोला था उनकू?" उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. चहाला "नक्को" म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतरही मी तीन आठवडे काढले, एवढा मी भित्रा. रोज ऑफिसात दोन-दहा झाले की हात आपोआप फोनकडं जायचा. शनिवारी वहिनींना न्हाणीघरात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, बाई काही खात नाही का? त्या म्हणाल्या, खाते की. त्या संध्याकाळी त्यांच्या हाताला सलाईनची पट्टी बघितली आणि मला कळलं, की मी आता दुसराही जीव घेतोय.

रविवारी दोन वाजता खाली गेलो. वहिनी पोर्चच्या पायरीवर बसल्या होत्या. मी गाडीशेजारी उभा राहिलो. दोन-दहा झाले, इंजिनावर हात ठेवला आणि ह्या वेळी काढला नाही. तळहात भाजत होता. काढला असता तर बोलूच शकलो नसतो, एवढं मला माझं माहीत होतं.

"वहिनी, दादा थांबत होता," मी म्हणालो. "लासूर स्टेशनच्या पुढं लिंबाखाली थांबत होता. माझा फोन गेला. गाडी तापलीय, मलाही कसंतरी होतंय, अर्धा तास टेकतो म्हणाला. मी म्हणालो, थांबू नको, तसाच ये. तुमच्या जेवणासाठी नाही आला तो. मी थांबू दिलं नाही म्हणून आला. तो फोन मी पुसून टाकला."

 वहिनी रडल्या नाहीत. माझ्याकडं एकटक बघत राहिल्या. मी बघू शकलो नाही.

आणि मग तो आवाज आला.

टिक.

थोड्या वेळानं पुन्हा. टिक... टिक-टिक.

"हे कशाचं वाजतंय?" वहिनींनी विचारलं. म्हणजे आवाज त्यांनाही आला. हे मी मुद्दाम लिहितोय.

"इंजिन आहे," मी म्हणालो. "गाडी बंद केल्यावर... गार होताना असं वाजतं."

वहिनी उठल्या. इंजिनापाशी येऊन त्यांनी हात जवळ नेला, ऊब घेतल्यासारखा.

"म्हंजी आत्ता थांबले," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. "अर्धा तास मागितला हुता त्यांनी, भाऊजी. अर्धाच तास." त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून ताट मांडल्याचा, मग वाटी सरकवल्याचा आवाज आला. वहिनी जेवत होत्या.

त्या दिवसापासून वहिनी दुपारचं जेवतात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. भाऊबंदांसमोर त्यांनी माझं नावही काढलं नाही, फक्त कुणी दादाला कोरडे पाषाण म्हणालं तर तिथल्या तिथं सांगतात, "ते थांबत हुते." माझ्या तळहातावर डाग आहे. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं तर मी गाडीचा चटका म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

गाडी अजून पोर्चमध्येच आहे. मी कितीतरी दुपारी गेज लावून बघितलं, ती पुन्हा कधीच तापली नाही. का तापायची आणि का थांबली, मला माहीत नाही. कुणा जाणकाराला कारण सापडलं तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही. मी फक्त मोजलेलं सांगू शकतो. त्या रविवारी वहिनी आत जेवत होत्या, मी भाजलेला हात धरून पोर्चमध्ये बसलो होतो, आणि सवयीनं घड्याळ लावलं होतं. पहिल्या टिकपासून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत बरोबर अर्धा तास लागला.