इझारकाठची पंगत

सुलेखा पाटणकर म्युनिकला आली ती १९६१ साली, नवऱ्याच्या मागोमाग. मोहन तिथे डॉक्टरेट करत होता आणि बाईसाहेब दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात घासलेली भांडी पुन्हा घासत होत्या. सासरी साताऱ्याला घरभर माणसांचा स्वयंपाक, इथे दोघांचा. हाताला काम नाही म्हणून ती कावलेली, आणि रिकामं बसायचं म्हटलं तर लाज वाटायची. अशीही माणसं असतात.

एका रविवारी मोहनने तिला चित्रं बघायला नेलं. राजेरजवाड्यांना तिने झरझर मागे टाकलं आणि एका पोलिश चित्रकाराच्या चित्रापुढे जी थांबली ती हलेना. फळबागेत, भर दुपारी, गवतावर चादर पसरून माणसं बसली होती. पाव, चेरी, किटली. एक बाई तर झाडाला टेकून चक्क पाय पसरून बसलेली. तिच्या बुटांवरची धूळसुद्धा चित्रकाराने सोडली नव्हती.

"अहो, यांच्यात वाढणारी कुठाय?" सुलेखाने विचारलं.

"कुणीच नाही. सगळेच बसलेत," मोहन म्हणाला.

तिला त्या बाईचा हेवा वाटला. लग्न झाल्यापासून चारचौघांत बसून ती कधी जेवली नव्हती. एकदा तरी असं निवांत बसायचंच, असं तिने मनाशी ठरवलं.

पुढच्या रविवारी घरमालक लेखनर पतिपत्नींना घेऊन दोघं इझार नदीच्या काठी गेले. सुलेखाने पहाटे उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा केला होता. झाडाखाली चादर पसरली, ताटं वाढली, आणि जित्याची खोड, पदर खोचून बाई उभीच.

कुणी ताटाला हात लावेना. भाजी पसंत नसावी, असं वाटून तिने आणखी पुऱ्या वाढल्या. फ्राउ लेखनर नुसत्याच हसल्या. त्यांचे यजमान पुरीकडे बघत आवंढे गिळत होते.

"अहो, सुरू करा म्हणावं ना त्यांना," ती कुजबुजली.

मोहनने जर्मनमध्ये विचारलं आणि त्याला हसू आवरेना. "अगं, यांच्यात घरच्या बाईने पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणे जेवत नाहीत. तू बसली नाहीस तर आज सगळ्यांना उपास."

"पाहुण्यांच्या आधी मी? आईंना कळलं तर?"

"आई साताऱ्यात आहे. बस तू."

ती बसली. चोरून खाल्ल्यासारखा एक घास घेतला, तशी लेखनरांची जोडी पुऱ्यांवर तुटून पडली. सुलेखालाही सपाटून भूक लागली होती. पुरी कधी संपली ते कळलंच नाही. सवयीने वाढायला ती डब्याकडे वळली, तर डबा मोहनने आपल्याकडे ओढलेला.

"घे, अजून एक घे. माझ्यासाठी," तो म्हणाला.

माहेर सुटल्यापासून तिला असा आग्रह कुणी केला नव्हता. तिला भरून आलं. अशा वेळी नको नको म्हणायची रीत असते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"दोन वाढा," सुलेखा म्हणाली.